दोन बोटं रस

काकूंनी मला घर दाखवताना सगळ्यात आधी चूल दाखवली. हीटिंग कसं चालतं, तळघराची किल्ली कुठली, कपडे कुठे वाळत घालायचे, हे सगळं नंतर. आधी मला घराला वळसा घालून मागच्या बागेत नेलं, विटांच्या एका लांबट चौथऱ्यासमोर उभं केलं आणि विचारलं, "धुराचा त्रास होतो काय गं तुला?"

मी नाही म्हटलं. जर्मनीत नोकरीच्या गावाजवळ, वाल्डॉर्फच्या आसपास, घर शोधून मी इतकी जेरीला आले होते, की "सापांचा त्रास होतो का?" असं विचारलं असतं तरी मी नाहीच म्हटलं असतं.

"मग राहा," काकू म्हणाल्या आणि मुलाखत संपली.

त्यांच्या घराच्या तळमजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये मी चार वर्षं राहिले. वर काका आणि काकू. दोघं कोल्हापूरकडचे. काका हायडेलबर्गला छपाईची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आले आणि तिथूनच निवृत्त झाले. एकुलती मुलगी हॅम्बर्गला नोकरीला. ही सगळी माहिती मला काकांनी पुरवली. काकूंकडून पहिल्या काही महिन्यांत मला मिळालं ते एवढंच, की मी भांडी फार आपटते आणि माझ्या चहाला वास नाही.

काकू अंगाने लहानखुऱ्या, पण चालायला लागल्या की रस्ता त्यांच्या मालकीचा. साडीवर काकांचं कारखान्यातलं जुनं निळं जाकीट, पायात जाड लोकरीचे मोजे, आणि हातात कायम काही ना काही: काठी, बादली, नाहीतर पाकाची बाटली. जर्मन त्या कोल्हापुरी ठसक्यात बोलायच्या आणि समोरचा काहीही म्हणाला तरी आधी "गेनाऊ", म्हणजे 'बरोबर', म्हणून त्याला गप्प करायच्या. डॉक्टर, पोस्टमन, बसचा ड्रायव्हर, सगळ्यांना त्यांनी कधी ना कधी बाटली दिलेली होती. कुणी आभार मानायला लागलं की त्यांना राग यायचा. "खा म्हटलं तर खावं, भाषण कशाला?" हे त्या मराठीतच म्हणायच्या आणि समोरच्या जर्मन माणसाला ते बरोब्बर कळायचं.

बागेच्या कडेला मेपलची तीन मोठी झाडं होती. खूप वर्षांपूर्वी, हिवाळा संपता संपता, काकांनी एका झाडाची फांदी छाटली आणि तिथून पाणी टपकायला लागलं. काका म्हणाले, झाड रडतंय. काकूंनी बोट लावून चाटून पाहिलं. गुऱ्हाळवाल्याची मुलगी ती! वडिलांचं गुऱ्हाळ पंचक्रोशीत नावाजलेलं. ऊस, रस आटवायची काहील, तिच्याखालचं चुलवाण, गुळाआधीची पातळ काकवी यांतच लहानाची मोठी झालेली. "अहो, हा तर रस आहे. पातळ आहे, पण रसच आहे," असं म्हणून त्यांनी घरातली सगळी पातेली झाडाखाली मांडली. कॅनडात हे लोक पिढ्यान्‌पिढ्या करत आले आहेत, हे त्यांना पुष्कळ नंतर कळलं. कळल्यावर म्हणाल्या, "करत असतील की. त्यांना कोण नको म्हणतंय?"

काकांनी मग पत्र्याची एक चौकोनी, उथळ कढई बनवून घेतली. तिला साजेशी चूल बांधली. आणि रात्री गोठायचं, दिवसा ऊन पडायचं असे फेब्रुवारी-मार्चमधले दिवस आले, की त्या बागेतून दिवसभर पांढऱ्या वाफेचा लोट वर चढायचा.

पण हे मी पाहण्याआधी दुसरंच काहीतरी माझ्या लक्षात आलं. काका-काकू एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडत नव्हते, टोमणे मारत नव्हते. नुसतंच बोलत नव्हते. राहायला आल्यावर पहिल्याच रविवारी त्यांनी मला जेवायला वर बोलावलं, तेव्हा काकू मला म्हणाल्या, "ह्यांना विचार, आमटी घालू का?" 'हे' माझ्या समोर, हाताच्या अंतरावर बसलेले. मी खुळ्यासारखी काकांकडे वळले. काका म्हणाले, "घाल म्हणावं." मी काकूंना "घाला म्हणतायत" असं सांगितलं आणि काकूंनी घातली. दोघंही अगदी शांत होते. घाम फक्त मला फुटला होता. नंतर मी सरावले. चार वर्षांत मी त्या घरात किती निरोप पोचवले असतील, देव जाणे. औषधं संपलीत, तळघरातला दिवा गेलाय, हॅम्बर्गहून फोन आला होता. आणि तरी रोज संध्याकाळी काकांच्या ताटाशेजारी छोट्या वाटीत त्यांच्या गोळ्या काढून ठेवलेल्या असत. काका वर्षभर लाकडं फोडत. बारीक वेगळी, मध्यम वेगळी, जाड वेगळी, अशा भिंती रचून ठेवत. बोलण्याची सगळी ऊर्जा त्या कुऱ्हाडीत जात असावी.

माझा तिथला पहिला फेब्रुवारी महिना आला आणि एका शनिवारी सकाळी बागेतून मला आवाज ऐकू आला, "अहो, पुढं सारा ते! मागं जाळ जातोय सगळा!"

मी ब्रश तोंडात घेऊनच खिडकीशी धावले. काकू कढईपाशी, काका चुलीच्या तोंडाशी.

"बारीक घाला. अजून. बास."

"जाड टाकू का एक?"

"नको. उकळी बसंल."

मला वाटलं, मिटलं! आनंदाने बागेत गेले. संध्याकाळी कढई उतरली, पाक गाळून झाला, आणि वरती जेवायला बसल्यावर काकू मला म्हणाल्या, "ह्यांना विचार, भाकरी वाढू का?"

असा तो त्यांचा करार होता. कढई चुलीवर असेपर्यंत बोलायचं. तेही फक्त जाळाबद्दल आणि रसाबद्दल. बाकी वर्षभर मौन.

काकूंनी मला हाताशी घेतलं ते त्याच वर्षी, पण शिकवलं असं म्हणता येणार नाही. त्या नुसत्या ओरडायच्या, आणि ओरडण्यातून जे हाती लागेल ते आपलं. कढईत रस दोन बोटं असला पाहिजे. त्याच्या वर गेला तर दिवसभर जाळ घालूनही आटत नाही, आणि खाली गेला तर पत्र्याला धरतो. जसजसा आटेल तसतसा नवा रस घालत राहायचा, पण शेजारच्या पातेल्यात कोमट करून आणि बारीक धारेनं. बादली उचलून ओतलीत तर उकळी बसते. "बसली की रुसलेल्या सुनेसारखी, लवकर उठत नाही," असं काकू म्हणायच्या. फेस वर आला तर लोण्याचा एक थेंब टाकायचा. शेवटी, रंग धरायला लागला की नवा रस बंद. तयार होत आलेल्या पाकात कच्चा रस घालणं हे काकूंच्या लेखी पाप होतं. आणि सगळ्यात अवघड काम जाळवाल्याचं. पाक तयार व्हायच्या बराच वेळ आधी त्याने हात आवरायला हवा, कारण आग काही बटण दाबून बंद होत नाही. "जाळ आधी म्हातारा झाला पाहिजे, पाक मागनं," काकू म्हणायच्या. काकांना ते न सांगता कळायचं. काकूंनी मान वर करायच्या आत त्यांनी निखारे मागे ओढलेले असत.

एकदा कुणीतरी वाफ बघून अग्निशमन दलाला फोन केला. लाल गाडी आली, हेल्मेटवाले चार धिप्पाड जर्मन बागेत घुसले. नेमका तेव्हाच फेस आला होता. काकूंनी एक हात वर करून त्यांना थांबवलं, "आइनन मोमेंट!" ते चौघं खरंच थांबले. फेस बसला, काकूंनी घाम पुसला आणि मग म्हणाल्या, "हं. आता बोला." परत जाताना चौघांच्या हातात एकेक कप होता. काका हे सगळं हातात लाकूड धरून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरून कौतुक नुसतं ओसंडत होतं. इतकं कौतुक असलेली बायको समोर आणि "काय झकास थांबवलंस त्यांना!" एवढं म्हणायचीही सोय नाही.

या मौनाचं कारण मला काकूंनीच सांगितलं. तिसऱ्या वर्षी, बाटल्या धुताना, मी न विचारता.

"माझे वडील, आमचे दादा, गेले तेव्हा मी कढईवर होते," त्या म्हणाल्या. "गावाकडनं फोन आला, ह्यांनी घेतला. बाहेर आले. मला काही बोलले नाहीत. त्या दिवशी पाकाला असा रंग आला होता म्हणून सांगू, अगदी वडिलांच्या काकवीचा. मी हसत होते, ह्यांना चाटवत होते. म्हणत होते, दादांना बाटली पाठवायची यंदा. आणि हे हो म्हणत होते. हो म्हणत होते गं! दादांना तिकडं अग्नी दिलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मला सांगितलं."

"पण काकू, इथून तुम्ही पोचला नसतात…"

"नसते पोचले. मला काय कळत नाही? पण मी रडले असते. माझा बाप गेला त्या दिवशी मी हसले. सगळा दिवस हसले." त्यांनी बाटली उपडी घातली. "तो दिवस मला परत देतील काय?"

त्यानंतर मी त्यांची समजूत घालायचा प्रयत्न कधी केला नाही. पुण्याची असूनही नाही.

चौथ्या वर्षी, ऐन रसाच्या दिवसांत, काकांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं. डॉक्टर खूश होते, शनिवारी घरी सोडणार होते. काकू रोज दुपारी बसने हायडेलबर्गला जायच्या, डबा उघडायच्या, काका जेवेपर्यंत शेजारी बसायच्या, डबा बंद करायच्या. मी सोबत असले की तेवढे निरोप व्हायचे. एकदा काकू डबा विसळायला गेल्या तेव्हा काका मला हळूच म्हणाले, "तुला तिनं सांगितलं असेल."

मी मान हलवली.

"मी सांगायलाच बाहेर आलो होतो. पण ती हसत होती. इथं आल्यापासून तिला मी तशी हसताना पाहिलंच नव्हतं. म्हटलं, अर्धा तास हसू दे. मग अजून अर्धा तास. नंतर सांगायला तोंडच राहिलं नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "तिला म्हणावं, रस चाललाय तर कढई सोडू नको. माझं काय, मी येतोच आहे."

हा निरोप मी बसमध्ये दिला. काकूंनी मांडीवरचा डबा सरळ केला. मग म्हणाल्या, "शनिवारी आले की बोलावं म्हणते. लई वर्षं झाली."

मला इतका आनंद झाला की मी काहीतरी मूर्खासारखं बोलले. "काय बोलणार, काकू?"

"काय बोलणार? म्हणेन, जाळ बरा घालता तुम्ही. तू घालतीस तो काय जाळ आहे?"

शुक्रवारी मी सुट्टी टाकली आणि पुन्हा काकांच्या जागी चुलीच्या तोंडाशी बसले. स्वच्छ ऊन होतं. काकू सकाळपासून खुशीत होत्या. शनिवारची तयारी म्हणून वरच्या खोलीतल्या चादरीसुद्धा बदलून झाल्या होत्या. अकराच्या सुमाराला मी जाड लाकूड जरा जास्तच उत्साहानं सारलं, फेस सुसाट वर आला, आणि मी दचकून मागे सरकले ती थेट रसाच्या बादलीत बसले. थंडगार रस. मी किंचाळले. काकूंनी आधी लोण्याचा थेंब टाकून कढई सावरली आणि मग त्या हसायला लागल्या. खोकला येईपर्यंत हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. त्यांना इतकं हसताना मी चार वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुपारी एकच्या पुढे माझा फोन वाजला. काकू कढईवर असताना फोन घेत नाहीत हे हॅम्बर्गच्या ताईला, त्यांच्या मुलीला, ठाऊक होतं. ही ताई माझ्याशी नेहमी जर्मनमध्येच बोलायची. मराठी कळायची, पण बोलायची लाज वाटायची. मी घरात जाऊन फोन घेतला. ती मराठीत बोलली.

"पपा गेले," ती म्हणाली. "सकाळी. अकरा वाजता. एकदम. क्लिनिकने मला फोन केला. मी ट्रेनमध्ये आहे." ती रडत होती आणि शब्द शोधत होती. "तू आईला सांग. आत्ता. झोफोर्ट. पपाने केलं तसं नको करू. प्लीज. बिट्टे."

मी हो म्हटलं. स्वयंपाकघरातून बागेत जायला चार पावलं नसतील, पण मी खिडकीशीच थांबले. खिडकीतून काकू दिसत होत्या. वाफेत उभ्या, गुणगुणत. आणि मला काकांचा तो अर्धा तास म्हणजे काय ते कळलं. देवाशप्पथ सांगते, मला त्या क्षणी पळून जावंसं वाटलं. पण मी शब्द दिला होता. मी दार उघडलं.

काकूंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिलं, हातातल्या फोनकडे पाहिलं. गुणगुणणं थांबलं.

"काकू," मी म्हटलं.

"थांब."

"काकू, मला आत्ताच सांगायला हवं. ताईनं…"

"थांब म्हणते ना." त्यांचा आवाज चढला नव्हता. "पाक व्हायला आलाय. पाक उतरू दे. तोवर काही बोलू नकोस. माझी शपथ आहे तुला."

मी चुलीशी बसले. कढईत बोटभर पाक उरला होता, रंग धरलेला, मोठे मोठे बुडबुडे येत होते. आता निखारे मागे ओढायची वेळ होती. मी काठी हातात घेतली. तेवढ्यात काकूंनी शेजारच्या पातेल्यातला रस ओगराळ्यानं उचलला आणि त्या तयार होत आलेल्या पाकात बारीक धारेनं सोडला.

मी बघतच राहिले. बुडबुडे बसले, रंग फिकट झाला. काकूंनी अजून एक ओगराळं घातलं. मग अजून एक. कढई पुन्हा दोन बोटं भरली.

"जाळ घाल," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी बारीक लाकडं सारली. काही विचारलं नाही. विचारायचं होतं काय? कढई चुलीवर होती तोवर कुणी काही सांगितलेलं नव्हतं, आणि सांगितलं नव्हतं तोवर काका शनिवारी घरी येणार होते. आटत आलं की काकू रस घालायच्या. पातेलं संपलं, तेव्हा बादलीतला घेतला. तो थंड होता, तरी तोच घेतला. उकळी बसली. आम्ही दोघी ती पुन्हा उठायची वाट बघत उभ्या राहिलो. काकूंचे ओठ हलत होते. एकदा त्या "अहो, पुढं सारा," असं म्हणाल्या आणि मी पुढं सारलं.

मग बादलीही संपली. काकूंनी ती तिरकी करून पाहिली, तळाचा घोट ओगराळ्यात घेतला, तोही घातला. झाडांना टांगलेली भांडी सकाळीच रिकामी केलेली होती. ऊन कलायला लागलं होतं. आता फक्त आटणं उरलं होतं आणि ते कुणालाच थांबवता येणार नव्हतं. मी निखारे मागे ओढले. पाक काळसर झाला होता, इतका काळा त्यांनी कधीच होऊ दिला नसता. कढई आम्ही दोघींनी धरून उतरवली. काकूंनी हात धुतले, पदराला पुसले आणि लाकडांच्या राशीवर बसल्या.

"सांग आता."

मी सांगितलं.

त्या रडल्या नाहीत. नुसतं विचारलं, "कधी?"

"सकाळी, अकराला."

त्यांनी रिकाम्या बादलीकडे पाहिलं. "अकराला मी काय करत होते गं?"

मला खोटं बोलता आलं असतं. पण त्या माझ्याकडे बघत होत्या. "हसत होतात, काकू," मी म्हटलं. "मी बादलीत बसले तेव्हा."

काकूंनी मान हलवली. पुन्हा पुन्हा हलवत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "कसं सांगतील बिचारे. माणूस हसत असताना कसं सांगतील?" आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा वाकडा झाला.

"आता हे मी कुणाला सांगू गं?"